बोटीवरची खोली

मला आमच्या बोटीचं भेव वाटायचं. पाण्याचं नाही, बोटीचंच. मी ढिवराची, मासोळी धरणाऱ्याची लेक, चालायला शिकले त्याच्या आगेमागेच पोहायलाही शिकले असेन. उन्हाळ्यात आम्ही पोरी तलावातच पडलेल्या असायचो, माय काठी घेऊन यायची तेव्हा कुठं बाहेर निघायचो. पण नवऱ्यानं ती बोट केली आणि माझी झोप उडाली.

आमच्याकडं मासोळी धरायची ती डोंग्यातून. डोंगा म्हणजे कोरलेलं खोड, पाण्याला चिकटून चालणारं. माणूस आत बसला की वारा त्याच्या डोक्यावरून निघून जातो. माझ्या नवऱ्याला हे पटायचं नाही. तो लहान वयात पश्चिमेकडं समुद्रावर गेला होता आणि मच्छीमार बोटींवर कामाला राहून सन ऐंशीच्या आगेमागे गावाला परत आला. आला तो एकच ध्यास घेऊन. तिकडं म्हणे छोट्या बोटींवर लाकडी खोली असते. माणूस आत उभा, समोर काच, पाऊस-लाटा सगळं बाहेर. आपल्या तलावाच्या पाण्यात अशी एक बोट पाहिजे.

"खाऱ्या पाण्यात," असं म्हणून त्यानं बोलायला सुरुवात केली की मी चुलीतलं लाकूड उगाच पुढंमागं करायची. मला ते खारं पाणी तोंडपाठ झालं होतं.

पवनीकडून त्यानं जुनी, रुंद बुडाची नाव आणली, लोक पलीकडच्या काठाला नेण्यात तिचं आयुष्य गेलेलं. धानाला पाणी देण्याचं इंजिन तिच्यात बसवलं. पाण्यात फिरणारा पंखा समुद्राकडूनच आणला होता, चादरीत गुंडाळून. लाखनीला रस्त्याच्या कडेला मोडके ट्रक पडलेले असतात, तिथून एका ट्रकचा चक्का, म्हणजे स्टेअरिंग, आणि समोरची काच उचलली. काच बसवता बसवता त्यानं एवढ्या शिव्या दिल्या की सासू उठून शेजारी जाऊन बसली. आणि खोली करायला बोलावलं आमच्याच गावच्या सुताराला.

आता त्या सुतारानं जन्मभर घरांची दारं केलेली. त्यानं बोटीवर घरच बांधलं. चौकट केली, उंबरठा केला, मागच्या बाजूला बाहेर उघडणारं दार लावलं आणि दाराला बाहेरून खिट्टी ठोकली. खिट्टी म्हणजे लाकडाचा हातभर नव्हे, वीतभर तुकडा, चौकटीला एका खिळ्यानं मारलेला. उभी केली की दार मोकळं, आडवी केली की बंद. आमच्याकडं गोठ्याला, कोठीला, न्हाणीला, सगळीकडं खिट्टीच.

"खिट्टी कायले लावली जी?" मी विचारलं.

"वा! दार हाय तं खिट्टी नको?" सुतार म्हणाला. "बोट काठाले उभी राहीन, शेळी शिरंन आत."

नवरा पोट धरून हसला आणि खिट्टी तशीच राहिली. जमिनीवर खिट्टी जिथं ठेवाल तिथं राहते. पाण्यावर ती काय करील, याचा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही. त्या गावात तोवर पाण्यावर दार होतंच कुणाकडं?

बायांनी तर मला विहिरीवर जगू दिलं नाही. "काय वं, पाण्यात बंगला बांधला म्हणते? सासूले कोणती खोली देशीन?" मीही म्हणायची, "तुलेच देतो भाड्यानं, येतेस का?" वरून हसायची. बोटीची पूजा झाली त्या दिवशी मी उंबरठ्याला कुंकू लावलं, नारळ फुटला, आणि मनातल्या मनात तलावाला म्हटलं, तुला काय पाहिजे ते घे बाबा, पण या माणसाला हात लावू नको. एवढंच मागितलं. त्यानंतर रोज तेच मागत होते.

कारण पहिल्या वाऱ्यातच दिसलं ना. डोंग्याच्या डोक्यावरून जाणारा वारा या खोलीला थोबाडीत मारल्यासारखा लागायचा. बोट एका अंगावर जायची, मग दुसऱ्या. मी पाळीवर, तलावाच्या बांधावर उभी राहून एकेक कलणं मोजायची. चुलत दीर एकदा त्याच्यासोबत गेला, परत आला आणि म्हणाला, "वहिनी, मी तं डोंग्यातच बरा." त्यानंतर कुणी सोबत जाईना.

"विकून टाका ती बोट," मी म्हणायची.

"अवं, खाऱ्या पाण्यात घराएवढ्या लाटा पाह्यल्या मी. हे तं ताटातलं वरण हाय."

काय सांगू, मला त्याचा असा राग यायचा! या माणसाला भेव नावाची चीज देवानं दिलीच नव्हती. घरातलं सगळं भेव माझ्या एकटीच्या वाट्याला आलं होतं. तो दोन माणसांचं जेवून घोरायचा आणि मी कौलांवरून वारा कुठून वाहून राहिला ते ऐकत पडायची.

त्या वर्षी आश्विनात झड लागली. हलका, लवकर येणारा धान कापणीला आलेला आणि पाऊस थांबायचं नाव घेईना. तलाव काठोकाठ भरला. आमची जाळी खोल पाण्यात पडलेली. झड थांबली त्या सकाळी आभाळ फाकलं, थोडं ऊन पडलं, पण वाऱ्याचं वावधन सुटलं होतं. पाळीवरची झाडं एका बाजूला झुकलेली. नवरा निघाला. जाळ्यातली मासोळी सडून जाईल म्हणाला. आता हे खोटं नव्हतंच. मी त्याच्या मागे गेले आणि बोटीत चढले.

"तू काहून?"

"एका हातानं चक्का फिरवान आन् दुसऱ्या हातानं जाळं ओढान का जी?"

त्यानं काठाची दोरी सोडली. त्याला माणूस पाहिजेच होता.

जाळ्यापर्यंत गेलो कसे ते मला आठवत नाही. मी खोलीच्या पुढं, बोटीच्या नाकाडावर बसलेली, दोन्ही हातांनी काठ धरून. लाटा समोरून येत होत्या तोवर बोट वर-खाली व्हायची, एवढंच. खोलीत मागून पाणी उडायला लागलं म्हणून त्यानं दार ओढून घेतलं. एरवी दार उघडंच असायचं. बंद केलंच कधी तर पाणी शांत असायचं.

जाळं सापडलं. मी ओढायला लागले. पहिल्या ओढीलाच मोठे मोठे मासे आले आणि खरं सांगते, क्षणभर भेव विसरले. तेवढ्यात बोट वाऱ्यानं पुढं सरकली, जाळं बुडाखाली गेलं आणि पंख्यात गुंतलं. इंजिन दोनदा कण्हलं आणि बंद पडलं.

इंजिन बंद पडलं तशी बोट फिरली आणि आडवी झाली. वारा त्या खोलीच्या सबंध भिंतीवर आला. बोट कलली ती कललीच. माझ्या हातातलं जाळं सरसर निघून गेलं, बोटं कापली, आणि काठावरून पाणी आत आलं. अगं माय! मी पालथी पडून लाकडाला चिकटले. बोट जराशी उठली, पुन्हा कलली.

मग धाडधाड आवाज यायला लागला. मला वाटलं काहीतरी सुटलं, पिंप असेल. तसाच आवाज पुन्हा आला. मग समजलं. तो आतून दार ठोकत होता.

खोलीच्या बाजूनं मागं जायला टाचेपुरती जागा होती. मी छपराच्या पत्र्याची कड धरून, पोट भिंतीला घासत गेले. पाहते तर खिट्टी आडवी. कुणी केली? कुणीच नाही. बोट कलली तशी ती आपल्या खिळ्यावर फिरली आणि दारावर येऊन पडली. मी तिला वर करायला गेले. हलेना. दोन्ही हातांनी ओढली, तरी हलेना. तो आतून खांद्यानं दार ढकलत होता आणि जितका ढकलायचा तितकं दार खिट्टीवर दाबलं जायचं.

"ढकलू नका जी! ढकलू नका!" मी बोंबलले. वाऱ्यात माझं मलाच ऐकू येईना. आमच्या सुताराचं काम, बीजाच्या झाडाचं टणक लाकूड, बोटाएवढा खिळा. तुटेल कशाला?

बोट पुन्हा कलली. या खेपेला इतकी की मागचा कोपरा पाण्यात गेला. आता उलटते, मला वाटलं. उलटली की तो पेटीत कोंडल्यासारखा आत राहणार, कितीही पोहता येऊ दे. मी मात्र बाहेर होते. मी पोहत निघाले असते, काठाला लागले असते, पाळीवर चढले असते, घरी गेले असते. ते सगळं मला त्या घडीला स्वच्छ दिसलं. मी वाचेन याचं मला भेव वाटलं. मरायचं तसं भेव मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

मी आले तशी पुढं गेले, काचेकडं. आत तो माझ्याकडं पाठ करून दारावर खांदा मारत होता. पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत. मी काचेवर हात आपटले. त्यानं वळून पाहिलं.

तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तोंड उघडं, डोळे फाटलेले, आणि तो रडत होता. लहान पोर रडते तसा. खाऱ्या पाण्यात घराएवढ्या लाटा पाहिलेला माझा नवरा. तो काचेशी आला आणि काचेवर मुठी मारायला लागला. ट्रकची काच ती, फुटते काय? मी मान हलवत राहिले, नाही, नाही. दाराकडं बोट दाखवलं, तळहात मागं ओढला, खाली दाबला, बसा, बसा, दाराला हात लावू नका. त्याला काय समजलं देव जाणे. पण माझ्या तोंडाकडं पाहत पाहत तो हळूहळू खाली बसला, त्या पाण्यात, स्टेअरिंगचा दांडा दोन्ही हातांनी धरून.

मी मागं गेले. खिट्टी एका बोटानं फिरली.

तो रांगत बाहेर आला. कमरेचा सुरा काढून त्यानं पंख्यात गुंतलेल्या जाळ्याची बाहेरची दोरी कापली, बाहेर पसरलेलं जाळं सुटलं, बोट जरा मोकळी झाली. मग आम्ही दोघं घमेल्यानं पाणी उपसत राहिलो, आणि ज्या खोलीनं जीव घेतला असता तिलाच ढकलत ढकलत वाऱ्यानं बोट पलीकडच्या काठाला नेऊन बेशरमाच्या झुडपांत घुसवली. आम्ही उतरलो आणि तलावाला वळसा घालून पायी घरी आलो. वाटेत शेतांच्या बांध्यांमधला धान सगळा झोपलेला. लोक विचारायचे, काय झालं? तो सरळ चालत राहायचा. मीच सांगायची, इंजिन बिघडलं. घरी तो भिंतीकडं तोंड करून पडला, जेवला नाही.

दुसऱ्या सकाळी वारा पडला होता. बोट आणायला पाहिजेच होती आणि पाण्यावरून आणण्यावाचून इलाज नव्हता, तिथं बैलगाडी जात नाही. आम्ही दोघंच गेलो. त्यानं सगळ्यात आधी पकडीनं खिट्टीचा खिळा उपटला आणि खिट्टी झुडपात फेकली. मग पंखा मोकळा केला. पाणी उपसलं. इंजिन खोलून पुसलं. सगळं व्यवस्थित झालं. तलाव निपचित पडलेला, एक लाट नाही.

मग तो गुडघाभर पाण्यात, बोटीच्या काठावर हात ठेवून उभा राहिला. चढेना.

"थोडं ऊन येऊ दे," म्हणाला. ऊन केव्हाचंच आलं होतं. मग म्हणाला, "तेल पुरंन का नाई." तेल त्यानंच पाहिलं होतं. मी त्याचा हात पाहिला. तसा त्यानं तो काठावरून काढून पाण्यात लपवला.

"पाय उचलून नाई राहिला वं," तो म्हणाला.

आता झालं काय, एवढे दिवस मी त्याच्यापाशी जे मागत होते ते समोर उभं होतं. मी फक्त म्हणायचं होतं, राहू द्या जी, चला पायी. तो आला असता. बोट तिथंच कुजली असती आणि मी जन्मभर निवांत झोपले असते. शब्द माझ्या ओठावर आलेले. पण तो माझ्याकडं पाहत होता, काचेमागून पाहत होता तसाच. मला वाटलं, आता जर याला मी पायी घरी नेलं, तर हा त्या खोलीतून कधीच बाहेर येणार नाही. आणि मी खूप भ्याले, आदल्या दिवसाहून जास्त.

मी लुगड्याचा ओचा खोचला, चढले आणि खोलीत जाऊन चक्क्याजवळ उभी राहिले.

"मलेही भेव वाटून राहिलं जी," मी म्हटलं. "या. दोघं भेत भेत जाऊ."

किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. तो आला. इंजिन सुरू केलं. मग त्यानं माझा हात घेऊन चक्क्यावर ठेवला, त्यावर आपला ठेवला, आणि आपल्या गावचा काठ येईपर्यंत उचलला नाही.