नाहीकाकांची चार फुटी टाकी

मासे विकायला बसलेल्या माणसाने दिवसातून दहा वेळा "नाही" म्हणावं, हे कुठल्या दुकानात चालेल सांगा. पण त्या एका दुकानात ते एकोणतीस वर्षं चाललं. रंगीत माशांचं दुकान, दोन्ही भिंतींना खालपासून वरपर्यंत काचेच्या टाक्या, आणि मधल्या बोळात एका लाकडी स्टुलावर बसलेले नाहीकाका. खरं नाव रेशनकार्डावर असेल. गिऱ्हाइकांच्या तोंडी नाहीकाकाच.

त्यांचे प्रश्न तीन. टाकी केवढी, आत आधीपासून कोण आहे, आणि पाणी कोण बदलणार. तिन्ही उत्तरं पटली तरच जाळी पाण्यात जायची. एकदा एक नवं जोडपं आलं आणि ऑस्कर मासा मागू लागलं. बोटाएवढं गोजिरवाणं पिल्लू, बघणारा भुलणारच.

"टाकी केवढी?" काकांनी विचारलं.

"दोन फुटी."

"हा वर्षभरात तुमच्या पायातल्या बुटाएवढा होईल. घरी गेलात की टाकीत बूट ठेवून बघा, वळतो का."

जोडपं हसत हसत गप्पी घेऊन गेलं. आणखी एक बाई होत्या, त्यांना गोल्डफिशच्या शेजारी सिक्लिड सोडायचा होता. काका नाही म्हणाले तशा त्या चिडल्या. "का पण? दोघं पाण्यातच राहतात ना?"

"मांजर आणि चिमणी, दोघं हवेतच राहतात, बाई."

सिक्लिड म्हणजे माशांमधली भाऊबंदकी. रंगाने देखणे, डोक्याने तल्लख, मालकाला ओळखून काचेशी येणारे, आणि हद्दीवरून सदा भांडायला उभे. कोणाला कोणाशेजारी ठेवायचं हे कळलं तर दहा वर्षं सुखाने नांदतात, नाही कळलं तर दहा दिवसांत टाकी रिकामी. काकांना ते कळायचं. आफ्रिकेच्या तळ्यातल्याला कडक पाणी लागतं, अमेरिकेच्या ओढ्यातल्याला मऊ. एकाच रंगाचे दोन नर एका काचेत ठेवायचे नाहीत. तोंडात मावेल तो शेजारी नसतो, तो घास असतो. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण या विषयात भले भले त्यांच्यासमोर वही काढून बसायचे. जुन्या मालकांना त्यांच्या "नाही"चं कौतुक होतं. "याने नाही म्हटलेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं," असं ते म्हणायचे, आणि गिऱ्हाईक यायचंही.

मग मालकांचं अर्धं अंग लुळं पडलं आणि गल्ल्यावर जावई आला. हा आधी फोनची कव्हरं विकायचा. एक नाही बसलं तर दुसरं दाखवायचं, दुसरं नाही तर तिसरं, त्या धंद्यात एवढंच शास्त्र. काकांच्या "नाही"ने पहिल्याच आठवड्यात त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"काका, गिऱ्हाईक दाराशी चालून आलंय, आणि तुम्ही त्याची परीक्षा घेताय."

"मासा मेला तर गिऱ्हाईक परत येत नाही, जावईबापू."

"मासा मेला तर दुसरा घ्यायला येतं," जावई म्हणाला, आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

तो हे थट्टेने म्हणाला असेल असं काका धरून चालले. तो थट्टा करत नव्हता.

याच सुमाराला काकांच्या डोळ्यांवर साय धरली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकेक डोळा करून घ्या, प्रत्येकाला महिनाभर पाण्यात हात नको, वाकायचं नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे घरात फक्त बायकोला ठाऊक.

"अहो, मी चादर धुऊन पांढरीशुभ्र वाळत घातली, आणि तुम्ही म्हणताय पिवळी पडली," ती म्हणाली. "आता मी साबण बदलू की तुम्ही डोळे बदलताय?"

"बघू गं, एवढ्यात नको."

"मागच्या वर्षीपण एवढ्यात नकोच होतं."

"दोन महिने घरी बसलो तर त्या स्टुलावर जावई आपला भाऊ आणून बसवेल. त्याचा भाऊ मोकळाच फिरतोय."

"मग बसू दे. स्टूलच आहे, सिंहासन नाही."

तिला काय कळणार, असं काकांच्या मनात आलं. खरं तर तिला सगळं कळत होतं. त्यांच्या शर्टाचं चुकीच्या काजात घातलेलं बटण काढून तिने नीट लावलं आणि डबा हातात दिला.

अशात दातांच्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. नवा दवाखाना, पेशंटांच्या बसायच्या खोलीत चार फुटी टाकी हवी. "आतलं मशीन सुरू झालं की बाहेरचे निम्मे पेशंट चपला शोधायला लागतात," त्या म्हणाल्या. "त्यांना बघायला काहीतरी द्या. हे पट्टेवाले छान आहेत, हे तीन तरी हवेतच."

जावयाने लगेच दहा रंगांची यादी सुरू केली. निळे, पिवळे, केशरी, सगळे एका टाकीत. काका स्टुलावरून उठले.

"नाही. निम्मे महिनाभरात मरतील."

बाईंसमोर तोंडघशी पडल्यावर जावयाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या गेल्यावर तो काकांसमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही, ते एक बरं केलं म्हणायचं.

"ठीक आहे. ही टाकी तुमच्या पद्धतीने भरा. मी मध्ये पडणार नाही. तीन महिने सगळं सुखरूप राहिलं तर या दुकानात तुमचं 'नाही' मीसुद्धा ऐकेन. पण गडबड झाली, तर यापुढे गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले. एकोणतीस वर्षांत त्यांना इतकी सोपी पैज कोणी लावली नव्हती.

चार फुटी टाकी म्हणजे धड लहान नाही, धड मोठी नाही. फसवणारं माप तेच. दोन फुटीत कोणी मोठा मासा घालायला धजत नाही, सहा फुटीत पळायला जागा असते. चार फुटीत माणसाला वाटतं, आणखी दोन मावतील. काकांनी दोन दिवस विचार केला. एक लालगळ्या, जो कल्ले फुगवून नुसता दम देतो, अंगावर सहसा जात नाही. वरच्या पाण्यात तलवारीसारख्या शेपटीचे आठ चपळ मासे, म्हणजे टाकीत हालचाल राहील. तळाला काच चाटणारा एक. आणि बाईंना हवे ते तीन पट्टेवाले.

या पट्टेवाल्यांना काका कैदी म्हणायचे, तुरुंगातल्या कपड्यासारखे काळे-पांढरे पट्टे म्हणून. एकेकटा असला तर सभ्य. पण नर-मादी एकत्र आली की लगेच अंडी, आणि अंडी आली की अर्धी टाकी त्यांच्या बापाची. मग समोर येईल त्याला फाडतात. म्हणून तिन्ही माद्याच घ्यायच्या. मादीच्या पोटावर नारिंगी झाक असते, नराच्या नसते. दोन इंची वयात ओळखायला तेवढीच एक खूण.

काका काचेशी वाकले. जाळी जावयाच्या हातात होती, कारण काकांचा हात हल्ली अर्धा इंच बाजूला पडायचा. खांदा धरलाय असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. साय धरलेल्या डोळ्यांना सगळं जगच हळद लावल्यासारखं दिसतं. ज्या पोटाकडे बघावं ते नारिंगी.

"ही घ्या. आणि ही. आता ती, दगडापाशी आहे ती."

जावयाने तिसरा मासा जाळीत धरून उजेडात वर केला. "काका, नक्की ना? मला तर याचं पोट राखाडी दिसतंय."

इथे काकांनी क्षणभर थांबायला हवं होतं. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर कदाचित थांबलेही असते.

"तुम्हाला कव्हरं कळतात, जावईबापू. मासे मला कळतात."

जावयाने मासा पिशवीत सोडला.

पहिले तीन आठवडे दवाखान्यात नुसती मौज होती. दर रविवारी काका पाणी बदलायला जायचे तेव्हा बाई त्यांना खुर्ची द्यायच्या. "एकाचा दात काढून झाला, तरी अर्धा तास उठेना," त्या सांगायच्या. अर्धा गाल बधिर झालेली माणसं टाकीसमोर वाकडं हसत बसलेली असायची. काका घरी येऊन बायकोला सगळं साग्रसंगीत सांगायचे. "लालगळ्या कल्ले फुगवतो ना, तर एक म्हातारा म्हणतो कसा, याचीपण अक्कलदाढ सुजलीय." ती हसायची. मग विचारायची, "आणि तुम्हाला ते कल्ले दिसतात?" काका म्हणायचे, "न दिसायला काय झालं."

चौथ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, दुकानात फोन आला. जावयाने ऐकून घेतलं, "येतो" म्हणाला आणि काकांकडे बघून शटर ओढलं.

खोलीत सात-आठ पेशंट होते आणि एकही टाकीच्या बाजूला बसला नव्हता. गालाला ओला रुमाल लावलेला एक गृहस्थ काकांना म्हणाला, "सकाळपासून बघतोय. एकेकाला कोपऱ्यात गाठतात. माझा दात दुखायचा थांबलाय, एवढं बेक्कार आहे."

शेपट्या फाटलेले पाच मासे फिल्टरच्या मागे, पाण्याच्या वरच्या कडेला एकमेकांना चिकटून थरथरत होते. तीन दिसतच नव्हते. लालगळ्या हीटरच्या आडोशाला कलंडलेला, एक डोळा गेलेला. पट्टेवाल्यांतली एक मादी पोट वर करून तरंगत होती. आणि मधल्या सपाट दगडावर अंड्यांचा थर, त्यावर पंखांनी वारा घालणारी आई, आणि भोवती गस्त घालणारा बाप.

काकांनी नाक काचेला टेकवलं. बाप समोरून गेला. पोट नारिंगीच दिसलं.

"कसलं आहे याचं पोट?" त्यांनी हळूच विचारलं.

"राखाडी," जावई म्हणाला. "त्या दिवशीही राखाडीच होतं."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांचा काकांवर राग नव्हता, गोंधळ जास्त होता. "हे असं कसं झालं? तुम्हीच तर म्हणाला होतात, तिन्ही माद्या आहेत."

मासे जाळीत धरणारा हात जावयाचा होता. काकांनी बोट त्याच्याकडे दाखवलं असतं तर त्या खोलीतल्या एकूणएक माणसाने विश्वास ठेवला असता. जावयालाही ते कळलं असावं. तो काकांकडे टक लावून बघत होता.

"चूक माझी," काका म्हणाले. "मला दिसलं नाही. हल्ली नीटसं दिसत नाही मला."

परतताना जावई फारच गोड बोलला. "चुकतो हो माणूस. आधी सांगायचं ना, डोळ्यांचं. जा, दोन्ही डोळे करून या, घाई नाही. तुमची जागा कुठे जात नाही." दुकानाचं शटर वर करताना मात्र तो थांबला. "आणि आपलं ठरलेलं लक्षात आहे ना, काका?"

"आहे."

डोळे उत्तम झाले. पट्टी निघाली त्या दिवशी काका बराच वेळ बायकोकडे बघत राहिले. तिचे केस सगळे पांढरे झाले होते, आणि डोळ्यांखाली सुरकुत्यांचं जाळं. "काय बघताय?" ती म्हणाली. "चादर पांढरीच होती, कळलं ना आता?"

"आता नोकरी सोडा, असं तू म्हणाली नाहीस," काका म्हणाले.

"तुम्ही ऐकणार आहात?"

नवा मासा जुन्या टाकीत सोडताना काका आधी आतले दगड हलवायचे, म्हणजे जुन्याला आपली हद्द कुठली तेच आठवत नाही आणि तो भांडत नाही. दोन महिन्यांनी ते दुकानात पाऊल टाकतात तर दुकानातले दगड हललेले. गल्ला डावीकडचा उजवीकडे, बोळात खोकी, आणि स्टूल दाराजवळ, एका नव्या मोठ्या टाकीच्या पुढ्यात. त्या टाकीत दहा रंग एकत्र. काकांना आता सगळं लख्ख दिसत होतं. कोणाचा पंख कुरतडलाय, कोण दोन दिवसांचा सोबती आहे. जावयाचा भाऊ बोळात उभा राहून गिऱ्हाइकांना पिशव्या बांधून देत होता. तो हसून म्हणाला, "या काका, तुमची वाटच बघत होतो. लोक तुम्हालाच विचारतात."

ते खरंच होतं. दुसऱ्याच आठवड्यात एक प्रौढ शिक्षिका आल्या. थेट काकांपाशी गेल्या.

"तुम्हीच ना ते नाही म्हणणारे? शेजारणीने मुद्दाम पाठवलंय मला. म्हणाली, ते हो म्हणाले की डोळे मिटून घ्यायचं."

"टाकी केवढी?" सवयीने काकांच्या तोंडून गेलं.

"दोन फुटी. आत सहा निऑन आहेत, निळी रेघ असते ते. अगदी माझ्या हातातून खातात." त्यांनी पट्टेवाल्यांकडे बोट दाखवलं. "हे दोन नेऊ का? जमेल ना त्यांचं?"

भावाने तोवर जाळीत दोन धरलेसुद्धा. एकाचं पोट नारिंगी, एकाचं राखाडी. दहा पावलांवरून दिसत होतं.

काकांनी गल्ल्याकडे पाहिलं. जावयाने मान वर केली नाही. त्याला गरजच नव्हती.

"जमेल," काका म्हणाले.

शिक्षिकेच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की काकांनी मान खाली घातली आणि भावाच्या हातातून पिशवी घेतली. घर लांब आहे, पोचायला तासभर लागेल, असं त्या सांगत होत्या. काकांनी पिशवीत हवा जरा जास्त भरली, तोंडाला दोन रबर लावले आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.