जिचं आधी निघालं, तिचाच दोष

त्या दिवसांत मी देवीपुढे दिवा लावणं बंद केलं होतं. तेल होतं, वात होती, मन नव्हतं. जन्मभर जिची सेवा केली तिला मी तोंडावर विचारलं, तुझे डोळे फुटले काय गं? भंडाऱ्यातल्या आमच्या विणकरांच्या मोहल्ल्यात मला सगळे देवभोळी म्हणतात. पण मी भांडायला उभी राहिले की देवीलाही सोडत नाही.

झालं असं, की सून पोटुशी राहिली आणि सरकारी दवाखान्यात तिला एचआयव्ही निघाला. गर्भार बाईचं रक्त तिथे तपासतातच. पुरुषाचं आपणहून कोण तपासायला जातो? माझा मुलगा चिखल्याच्या खाणीचा माल ट्रकने लांबलांब नेतो, पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर राहतो. सून दिघोरी गावची, धानाच्या बांधीतून, शेतातून उठली ती सरळ आमच्या घरात आली. पण माझ्या धाकट्या जावेने तिची औषधाची बाटली पाहिली आणि मोहल्ल्याने निकाल लावून टाकला, की रोग हिनेच आणला. का, तर आधी हिचं निघालं! चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय?

मुलाला म्हटलं, तूही तपासून घे. तर म्हणतो कसा, "मले काय झालं? मी हट्टाकट्टा आहो. तिले निघालं, तिचं तिले ठाऊक." हे ऐकून माझ्या अंगाची आग झाली. सुनेने मात्र ते मनावर घेतलं आणि गोळ्याच बंद केल्या. "आई, सारेच म्हणून राहिले त मीच असंन तशी. कायले जगू?" दवाखान्यातल्या ताईंनी बजावून सांगितलं होतं, गोळ्या सुटल्या तर हिच्याबरोबर बाळालाही धोका. मी हातापाया पडले, रागावले, पण गोळीसाठी ती तोंड उघडेना.

अशात सातवा महिना लागला. ओटी भरायला मी सुवासिनींना घरोघर जाऊन बोलावलं. ऐन वेळी कुणाचे गुडघे धरले, कुणाकडे पाहुणे टपकले. एकही आली नाही. मी विधवा, माझ्या हाताची ओटी चालत नाही म्हणे. नवरा मेला यातही माझाच दोष! संतापाच्या भरात मी ऑटो बोलावला, नारळ-तांदळाची पिशवी मुलाच्या हातात कोंबली आणि दोघांना घेऊन नदीपलीकडे कारध्याला देवीच्या देवळात गेले. हात जोडलेच नाहीत. म्हटलं, "तू सुवासीन आहेस ना? मंग तूच भर हिची ओटी. नाहीतर उद्यापासून तुझं-माझं पटणार नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "मी भरू काय, माय?"

कडेवर लेकरू, कपाळाला ठसठशीत कुंकू, चपलेचा पट्टा तुटलेला, अशी एक अनोळखी बाई होती. तिने लेकरू खाली सोडून ओंजळीत तांदूळ घेतले, तशी सून मागे सरकली. "बाई, मले शिवू नका. मले एचआयव्ही आहे."

"मलेबी आहे," ती बाई म्हणाली. "माह्या नवऱ्यालेबी आहे. हे लेकरू पाह्य, याले नाही. पदर धर." तिने खण, नारळ, तांदूळ घालून रीतसर ओटी भरली, कुंकू लावलं. मग विचारलं, "गोळी खाऊन राहिली ना?" सुनेला रडू फुटलं. बाईने तिला जवळ घेतलं आणि माझ्या मुलाकडे पाहिलं. "भाऊ, तुमी तपासलं काय? माह्यावाला बी नाहीच म्हणे. खाटेले खिळला तवा तपासाले गेला."

त्याची मान खाली गेली. ती बाई लेकराला उचलून निघून गेली. नाव विचारायचं मला सुचलंच नाही. ती देवी होती असं मी म्हणत नाही. बस चुकली म्हणूनही ती देवळात आली असेल. मी मागितलं आणि ती आली, एवढंच मला माहीत आहे.

घरी येताच सुनेने स्वतः गोळी मागितली. दोन दिवसांनी मुलगा न सांगता दवाखान्यात गेला. त्यालाही तेच निघालं. तो सुनेपुढे बसून लहान पोरासारखा रडला. आणि आमचा मोहल्ला? "बिचारा! गाडीवरचा माणूस, होते कधी कधी." बाईला झालं तर तिची चाल वाईट, पुरुषाला झालं तर त्याचं नशीब वाईट! हे ऐकून आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

नात झाली. तिची पहिली तपासणी चांगली आली, शेवटची अजून बाकी आहे. तोपर्यंतची काळजी मी देवीच्या पायाशी ठेवली आहे. रात्री झोप लागते. शरण जाणं म्हणजे काय ते मला या वयात कळलं. बारशाला जावा झबलं घेऊन आल्या, तेव्हा सून म्हणाली, "आई, येऊ द्या त्याईले." मी दारातून बाजूला झाले, चहाही दिला. मग पोरीला सगळ्यांदेखत सुनेच्या मांडीवर ठेवून म्हटलं, "आधी हिच्या मायची माफी मांगा. मंग पाळण्याले हात लावा."