बाभूळबनातून पळताना

मुलांनो, तुमच्या नदीकाठच्या पळायच्या वाटेचा फोटो आज आला, म्हणून हे लिहिते. वालूरला शिक्षिका असताना मीही सकाळी नदीकाठच्या बाभूळबनातून पळायचे. ओल्या गाळाचा वास यायचा, वाटेवर पिवळी फुलं पडलेली असायची. ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. दलित वस्त्या जाळल्याच्या बातम्या येत होत्या. एकदा बौद्ध वस्तीतल्या गंगूबाईनं धुणं टाकून मला अडवलं.

"बाई, कामून पळायलाव? कोन मागं लागलंय?"

"कुणी नाही. तब्येतीसाठी पळते."

"तब्येतीला कोन पळतंय? खरं सांगा, माझी लेकरं घरी हायत."

ती स्वतः बनात जाऊन बघून आली, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. "उद्यापासून 'कुणी न्हाई' म्हणत पळा!"

मी तसंच ओरडत पळू लागले. बाया हसायच्या, तरी माझ्या मागं बघायच्या.

अजूनही कुणी पळताना दिसलं, की मी आधी त्याच्या मागं बघते. तेवढी सवय उरली आहे.