उखाभाऊंच्या जागी कोण

कागदावर एकच प्रश्न होता, ‘तुमच्या जागी उद्या कोण?’ खाली नाव लिहायला एक रेघ. कडोदऱ्याच्या ऑफिसातून तो कागद घेऊन उखाभाऊ महाजन बाहेर पडले आणि त्यांच्या मनाने घेतलं, आपल्याला नारळ-शाल द्यायचा दिवस आला.

पारोळ्याकडून सुरतेला आले त्याला बत्तीस वर्षं झाली होती. तेव्हापासून कंपनी एकच, कामही एकच, सेंट्रिंग. स्लॅब ओतायच्या आधी खालून फळ्यांचा आणि टेकूंचा सांगाडा बांधायचा. आता ते सव्वीस माणसांचे मुकादम होते. थोरल्या शेठनी कापड विणायच्या लूमच्या शेड बांधत बांधत कंपनी वाढवली, सगळं डोक्यात ठेवून. त्यांच्या मागे मुलगी, चंचलबेन, खुर्चीवर बसली. ती शिकलेली इंजिनियर. तिने पहिल्यांदाच दहा वर्षांचा आराखडा काढायला घेतला. शेडची कामं कमी करायची, उंच इमारती घ्यायच्या, लाकडी फळ्यांच्या जागी अॅल्युमिनियमचे साचे आणायचे आणि प्रत्येक जबाबदार माणसामागे दुसरा माणूस तयार ठेवायचा.

या शेवटच्या कलमाने ऑफिसात घबराट उडाली. स्टोअर सांभाळणाऱ्या रामदासने मुलाचं नाव लिहिलं. त्या मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान छान चाललं होतं, बापाच्या स्टोअरमध्ये त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. साइट इंजिनियर विकासने रेघ कोरी सोडली आणि घाबरून दुसऱ्या कंपनीत अर्ज टाकला.

नवागामच्या खोलीत उखाभाऊंनी कागद बायकोपुढे, सुंदराबाईंपुढे ठेवला. त्या मिरच्यांचे देठ काढत होत्या.

“आपला लखन शे ना, मंग इचार कसाले?” त्या म्हणाल्या. “लिखी टाका त्यानं नाव.”

लखन म्हणजे उखाभाऊंच्या धाकट्या भावाचा मुलगा, एकोणतीस वर्षांचा. हात सोन्यासारखा. ओळंबा न सोडता खांब कुठे झुकलाय ते सांगायचा. गँगमध्ये बहुतेक पोरं त्यांच्याच तीन गावांची, तीही लखनलाच धरून होती. सगळं ठरल्यासारखंच होतं. तरी उखाभाऊंनी पेन उचललं नाही. सुंदराबाईंनी ते पाहिलं आणि देठ जरा जोरात तोडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी चंचलबेनने बोलावलं.

“काका, बेसो. गभराशो नहीं,” म्हणत तिने खुर्ची पुढे केली. “तुम्हाला काढायला नाही विचारलं. उद्या तुम्ही महिनाभर अंथरुणाला खिळलात तर माझं काय होईल, ते विचारलंय.” मग तिने भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यावर बोट ठेवलं. “हे पाहा. दरवर्षी सगळ्यात जास्त स्लॅब मे महिन्यात पडतात. म्हणून पुढच्या दहाही वर्षांत मोठी कामं मी मेमध्ये धरलीत. विकासचंही हेच म्हणणं.”

उखाभाऊ तक्त्याकडे बघतच राहिले.

“बेन, त्याच सुमाराला आमची आखाजी असते.”

“एटले?”

“अक्षय्य तृतीया. खानदेशात दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. माझी अर्धी गँग पंधरा-वीस दिवस गावी असते.”

“मग स्लॅब कोण टाकतं?”

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. उखाभाऊ फाल्गुनातच भगवानला सांगून ठेवायचे. भगवान हिंगोलीकडचा, गँगमध्ये अकरा वर्षं. तो गावाकडून बारा माणसं बोलावून घ्यायचा. ती पोळ्यापर्यंत राहायची, त्यांचा मोठा सण तोच. ती पोळ्याला गेली की खानदेशी पोरं जास्तीचं काम ओढायची. आणि ही जुळणी सांभाळायला उखाभाऊ स्वतः इथेच. एकोणीस वर्षांत ते आखाजीला गावी गेले नव्हते. काम कधी थांबलं नाही, म्हणून तक्त्यात कधी खड्डा दिसला नाही.

चंचलबेनने तक्त्यावरच्या मे महिन्याभोवती पेनने गोल काढला. मग म्हणाली, “काका, इतके महिने खपून आराखडा काढला आणि त्यात हे नाही. लिहून द्या मला. आणि नाव.”

नाव उखाभाऊंना आता दिसत होतं, तेच तर दुखत होतं. लखनला खांब कळत होता. कुणाच्या बायकोचे दिवस भरत आलेत, दिलेला शब्द कोण पाळतो, हिंगोलीचा माणूस पारोळ्याच्या माणसाशेजारी कसा टिकवायचा, हे भगवानला कळत होतं. हाताने संथ, जरा रडक्या आवाजाचा भगवान. त्यांनी त्याचं नाव लिहिलं. अक्षर सातवीतल्या पोरासारखं वाकडं आलं.

ऑफिसातून कळायच्या आधी आपणच सांगावं म्हणून ते संध्याकाळी लखनला बाजूला घेऊन बसले. त्याने ऐकून घेतलं.

“काका, तुमले घरना माणूस दिसना नही का?”

“दिसला. तू आखाजीला थांबशील का रे इथे?”

लखनचं लग्न नुकतंच झालेलं. त्याच्या बायकोची, वर्षाची, लग्नानंतरची ही पहिलीच आखाजी. तो गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिला.

“नाही थांबणार, आणि थांबूही नये या वर्षी. पण त्या जागेवर बसणाऱ्याला थांबावं लागतं. साच्याचं काम येतंय, तिथे तुझ्यासारखी नजर हवी. त्यासाठी तुझं नाव मी वेगळं सांगितलंय.”

“सांगा ना. भगवानच्या हाताखाली,” लखन म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

घरी सुंदराबाईंनी आठ दिवस ताट वाढलं, पण हाक मारली नाही. “गाव काय म्हनी?” एवढंच एकदा भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. धाकट्या भावाला काय तोंड दाखवायचं, हेच उखाभाऊंनाही सलत होतं.

मग चंचलबेनने आणखी एक टूम काढली. आखाजीला काकांनी दहा दिवस गावी जायचं, काम भगवान बघेल. जमतं की नाही ते आत्ताच कळू दे, म्हणाली. एकोणीस वर्षांनी आखाजीसाठी नवरा-बायको पारोळ्याच्या बसमध्ये बसली. सोबत माहेरी निघालेली वर्षा होती. लखनचा पत्ता नव्हता. मागून येतो म्हणाला होता.

आखाजीच्या आदल्या दिवशी, उखाभाऊ अंगणात भावासमोर अवघडून बसलेले असताना फोन आला. भगवान होता.

“भाऊ, उद्या पाचव्या मजल्याचा स्लॅब हाय. लखन इथंच हाय. गावाकडं गेलाच न्हाई. सकाळधरनं कुणाशी बोलंना, म्हणतो काम सांगा. काय करू?”

उखाभाऊंच्या जिभेवर आलं होतं, त्याला जिन्याकडच्या खांबांवर ठेव. सुंदराबाई उंबऱ्यातून बघत होत्या, भाऊही कान देऊन होता.

“तुझ्या गँगमधला माणूस आहे,” ते म्हणाले. “कुठे ठेवायचा ते तू ठरव.”

पलीकडून भगवान बरं म्हणाला. उखाभाऊंनी फोन खिशात टाकला आणि भावाला पहिल्यापासून सगळं सांगायला बसले.