साळूबाईनं मशीन मागितलं

आमच्या राजूरची साळूबाई हातानं चोळ्या शिवायची. बाहात्तर साली तिला हप्त्यानं शिलाई मशीन घ्यायचं हुतं. एक न्हाई म्हनला तर दुसरा देईल, म्हणून बाजारच्या दिवशी तिनं तीन दुकानदारांना विचारलं. तिघं आपसात बोलले, बाई अडचणीत दिसती म्हणाले, अन् तिघांनीही नकार दिला.

दिवस कलताना ती नेहमीच्या वाण्याकडं उधार तेल आणायला गेली.

"आज रोख दे, साळूबाई."

"शेट, बारा वर्सांत तुमचं कधी बुडवलं का?"

"न्हाई. पर सकाळपासनं तीन दारं फिरलीस म्हनं."

"मशीनसाठी फिरले वो, खायला न्हाई!"

"तिघं न्हाई म्हनले. मंग मीच कसा व्हय म्हनू?"

रिकामी बाटली घेऊन साळूबाई घरी आली. पुढं चोळीचे पैसे हातात पडले, तरच तिच्याकडं तेल यायचं.