मीठ आणि कोळसा

बीदरमध्ये आमच्या गल्लीत वीज आली तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं. मी मराठी शाळेत आठवीला विज्ञान शिकवायचो. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. घरात आम्ही दोघंच.

बायको गेली दिवाळीनंतर, अवेळी पडलेल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. खांबावरून घरात येणारी तार न्हाणीच्या पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती. त्याच पत्र्याला आम्ही कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधली होती. तिनं ओलं लुगडं त्या तारेवर टाकलं. मी आत दाढी करत होतो. बादली कलंडल्याचा आवाज आला. गालाची एक बाजू पुरी होईपर्यंत मी बाहेर गेलो नाही.

वायरिंग करणाऱ्यानं पत्र्यापासून एक तांब्याची तार भिंतीवरून खाली आणली होती. ती जमिनीत जायला हवी होती. जमिनीच्या वीतभर वरच संपली होती. त्याला कधीतरी विचारू, असं मी ठरवलं होतं. दरवर्षी फळ्यावर आकृती काढून मी मुलांना सांगायचो की वीज चुकून धातूत उतरली तर अशा तारेतून जमिनीत जाते, फ्यूज उडतो, माणूस वाचतो. आणि घरी ती लोंबती तार रोज बघायचो.

तिची माती झाल्यावर गल्लीतल्या सगळ्यांनी आपापले फ्यूज काढून ठेवले. कंदील पुन्हा बाहेर आले. विजेला एकदा माणसाची चव लागली की ती त्याच गल्लीत परत येते, असं नळावर बोललं जायचं. पिठाच्या गिरणीत बायका डबा उंबऱ्यावर ठेवून लांब उभ्या राहायच्या. मला कुणी दोष दिला नाही. दिला असता तर निदान भांडायला कुणी मिळालं असतं.

आमच्या भागाचा लाइनमन म्हातारा होता. अपघात बघायला आला, तसा आठ दिवसांनी नुसता बसायलाही आला. चहा संपवून म्हणाला, "करंट को जमीन में जाने का रस्ता होना, गुरुजी. रस्ता नै मिला तो आदमी में से जाता." खड्डा छातीइतका खोल, मधे लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर पाणी. हे सगळं माझ्या पुस्तकातही होतं. फ्यूज परत बसवण्याआधी गल्लीतल्या दहाही घरांच्या दारात असा खड्डा असला पाहिजे, एवढं एकच त्या दिवसांत मला हवं होतं. जेवणसुद्धा नको असायचं.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. सोबत विभूती आणि मीठ घालतात. बारा-तेरा दिवसांपूर्वी माझ्याच मुठीतून ते मीठ पडलं होतं. तरी अंगणात खड्डा खणून मी मिठाचं पोतं उसवलं तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नाही. मी पट्टी लावून थर मोजत होतो.

शेजारची अक्का भिंतीपलीकडून बघत होती. बायको आणि ती रोज दुपारी एका सुपात धान्य निवडायच्या.

"गुरुजी, पंधरा दिस बी न्हाई झाले. परत खड्डा कामून खणायलाव? अन् मीठ?"

विजेसाठी, मी म्हणालो. ताप डोक्यात गेलेल्या माणसाकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की गुरुजी दारात बायकोची समाधी बांधायलेत.

दुसऱ्या दिवशी मी कागदावर आकृती काढून घरोघर गेलो. सगळ्यांनी बसवून घेतलं, चहा दिला, ऐकून घेतलं. मग माझ्या झोपेची चौकशी केली. एकानं महिनाभर गुलबर्ग्याला बहिणीकडे जाऊन राहायला सांगितलं. खड्ड्याला कुणी तयार झालं नाही. फक्त गल्लीच्या टोकाला एक बौद्ध कुटुंब होतं. तिथल्या घरधन्यानं कागद हातात घेऊन एवढंच विचारलं, किती फूट? रविवारी त्यानं स्वतःच खणून घेतला.

अक्का मात्र सकाळी येऊन माझ्या खड्ड्यावर तांब्याभर पाणी घालू लागली. चार दिवस मी गप्प बसलो. पाचव्या दिवशी तिथे शेवंतीचं फूल दिसलं.

"अक्का, ही समाधी नाही," मी म्हणालो. "खाली कोळसा आहे. ती इथं नाही."

आवाज चढला होता. अक्का रिकामा तांब्या धरून उभी राहिली.

"तुमच्या दारात नगं तर नगं," ती म्हणाली. "माझ्या दारात खणा. तितं कोण अडवतंय बघते."

मी कुदळ घेऊन तिच्या अंगणात गेलो. तिचा खड्डा भरला त्या दुपारीच पलीकडची बाई आली. तुमच्या बायकोला आमच्याकडं बी बसू द्या, म्हणाली. मी तिला आकृती समजावली. तिनं मान डोलावली आणि घरातून मीठ आणलं. तिच्यानंतर आलेल्या बाईलाही मी समजावलं. पुढच्यांना काही सांगितलं नाही, नुसतं खणत गेलो. जमीन तांबडी, मुरमाड. कुदळ दगडावर आदळावी तशी आदळायची. संक्रांतीपर्यंत दहाही घरांत खड्डे झाले.

चैत्रात लाइनमन तपासायला आला. त्याच्याकडे दोन वायरींचा एक बल्ब होता. एक वायर विजेच्या तारेला लावायची, दुसरी खड्ड्यातल्या पाइपला. जमीन वीज नीट घेत असेल तर बल्ब लख्ख लागतो. टोकाच्या घरापासून तो सुरुवात करत आला. अक्काच्या दारात बल्ब इतका पेटला की त्याकडे बघवेना. बायका रोज पाणी घालत होत्या.

माझं घर शेवटचं. बल्बमधली तार नुसती तांबूस झाली. त्यानं वायरी काढल्या, पाइप घासला, पुन्हा लावल्या. तेवढीच.

"गुरुजी, तुमारा तो सूखा है. इधर की लाल जमीन पानी नै पकड़ती. पानी कौन डालता?"

 अक्काला थांबवल्यापासून तिथे थेंबही पडला नव्हता. मला तांब्या घेऊन तिथे उभं राहिलेलं कुणी बघू नये, असं वाटायचं. खड्डा असाच राहिला तर लाइन जोडता येणार नाही, असं लाइनमन हळूच म्हणाला.

मी आत गेलो आणि घागर भरून आणली. बायका दारात उभ्या होत्या, अक्का भिंतीशी. मी ओतत गेलो आणि माती पीत गेली. दुसरी घागर आणली, मग तिसरी.  अक्कानं पदर सारखा केला आणि हात जोडले. या वेळी मी तिला काही म्हणालो नाही. थोड्या वेळानं लाइनमननं बल्ब पुन्हा लावून बघितला आणि फ्यूज बसवायला गेला.

त्यानंतर वीस वर्षं मी त्या घरात राहिलो. शाळेला निघण्याआधी रोज दोन तांबे पाणी. गल्लीला वाटायचं, गुरुजी तिच्याशी बोलायला थांबतात. पाणी मुरेपर्यंत मी तिथे उभा राहायचो हे खरं. बोलायला काही सुचायचं नाही.