नंदीच्या मागच्या पायांचा फोटो

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला वडशाला गेले ती भर दुपारी, थेट गर्दीत. घरी येऊन फोटो पाहते तर त्यात इतरांचे मोबाइल, छत्र्या आणि कुणाच्या तरी काकांचं टक्कल. यंदा ठरवलं, नीट आखणी करूनच जायचं. माझी आखणी म्हणजे काय प्रकार असतो हे घरच्यांना विचारा, पण यंदा मी खरंच गंभीर होते.

तान्हा पोळा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं सजून, चाकांचे लाकडी बैल ओढत मिरवणुकीनं निघतात. कुणी कृष्ण, कुणी वाघ, कुणी गळ्यात स्टेथोस्कोप लटकवलेली डॉक्टरीणबाई. सगळ्यांच्या पुढे चालतो एक मोठा नंदी, बांबूच्या सांगाड्यावर पांढरं कापड चढवलेला. त्याच्या आत दोन माणसं असतात.

नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत बस जेवणाच्या सुमाराला वडशाला पोहोचते. निघण्याआधी वैनगंगेच्या पुलावरून वाहतूक चालू आहे ना, एवढं विचारून घ्या. नागभीडच्या स्टँडवर गरम आलुबोंडा खा आणि खिडकीची जागा सोडू नका, कारण पुढे दोन्हीकडे नुसतं हिरवंगार धान आहे. स्टेशनजवळ हजाराच्या आत लॉज मिळतो. मी मैत्रिणीकडे, वर्षाकडे उतरले.

आदल्या दिवशीच जाण्याचा फायदा असा की रस्ता रिकामा असताना पायी फिरून जागा हेरता येते. गच्चीवर चढू नका, वरून फक्त डोकी दिसतात. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा, आईबापांना विचारून मगच फोटो काढा आणि कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी असू द्या. मला जागा सापडली ती चौकात. तिथे मिरवणूक थांबते, मुलांना खाऊ वाटतात आणि ढग हटले तर पश्चिमेचं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर येतं. मी खूश होऊन वर्षाच्या घरी आले.

संध्याकाळी शेजारच्या शेवंताबाई वडे घेऊन आल्या. कॅमेरा दिसताच जवळ येऊन बसल्या.

"ताई, आमच्या यायचा एक फोटो काढून द्या ना. इतके साल झाले, नंदीचे फोटो सारेच काढतेत. यायचा एकबी नाई."

वर्षानं खुलासा केला. बाईंचे यजमान मारोतीभाऊ म्हणजे त्या नंदीचे मागचे पाय. पुढचा माणूस डोकं धरून ताठ चालतो, मागचा त्याच्या कमरेचा पट्टा धरून पूर्ण वेळ वाकलेला. आता भाऊंची कंबर गेली होती. बाईंनी मागे लागून लागून त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं की यंदाचं शेवटचं. म्हणजे फोटो निघाला तर यंदाच, नाहीतर कधीच नाही.

मी भाऊंकडे गेले. फार बोलणारा माणूस नव्हे. म्हटलं, "भाऊ, मिरवणुकीत एकदा कापड वर करा, पटकन काढते."

"पोट्ट्यायसमोर? नाई जी. त्यायच्यासाठी थो बैल हाये. आतून म्हातारा निंगाला तं काय राह्यते?"

"मग दम खायला बाहेर येता तरी कुठे?"

"राईस मिलमंदी. चौकात खाऊ वाटतेत ना, तवा. साऱ्यायचं ध्यान खाऊवर राह्यते."

झालं. माझा चौक आणि त्यांची मिल, दोन्ही एकाच वेळी.

दुसऱ्या दिवशी दुपारभर आभाळ होतं आणि मी मनात म्हणत होते, असंच राहू दे. पण मिरवणूक चौकात आली आणि ऊन पडलं. वाघाच्या मिशा, मोरपिसं, लाकडी बैलांची रंगवलेली शिंगं, सगळं एकदम उजळलं. जीव तुटत होता. तेवढ्यात नंदी हळूच मिलच्या फाटकात शिरताना दिसला, आणि मी मुलांकडे पाठ करून पळाले.

आत पोत्यांच्या थप्पीआड कापड वर झालं. भाऊ बाहेर आले, कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाले. पुढच्या गड्यानं पाण्याचा तांब्या दिला आणि कानात काहीतरी सांगितलं. भाऊ असे हसले की नाकातून पाणी आलं, तरी थांबेनात. मी बटण दाबत राहिले. मग दोघंही पुन्हा कापडात गेले.

मी चौकात परतले तेव्हा ऊन गेलं होतं आणि मुलं पुढे निघाली होती. पस्तावले का? हो. परतीच्या बसमध्ये ब्रह्मपुरीपर्यंत चांगली पस्तावले.

नागपूरला आल्यावर फोटो मोठा छापून कुरिअर केला. काही दिवसांनी बाईंचा फोन आला.

"भेटला फोटो," एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं, आवडला नाही.

"ताई, हे असे हासतेत?"

"म्हणजे?"

"घरी नाई ना हासत. लगन झालं तवापासून मी यायले असं हासताना पाह्यलंच नाई."

चौकातलं ऊन हुकल्याचं दुःख त्या क्षणी संपलं, ते आजतागायत पुन्हा झालेलं नाही.

मग फोन बाजूला धरून बाई घरात ओरडल्या, "आइकलं का जी? पुढच्या सालीबी जा तुम्ही! पन समोरचे पाय घ्या, मांगचे नाई!"

आतून भाऊ काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, कारण तोवर बाईच हसायला लागल्या होत्या.